बोअरचं पाणी आणि मलावीचे मासे

लातूर, बीड, परभणीकडे बोअरच्या पाण्याबद्दल कुणी चांगलं बोलेल अशी अपेक्षाच नको. गीझरची कॉइल पांढरी पडते, डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मासे पाळणाऱ्यांचंही रडगाणं तेच: निऑन टेट्रा टिकत नाहीत, डिस्कसचं तर नावच काढू नका. ते मासे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातले, त्यांचं इथं कसं जमणार? पण पूर्व आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या सिक्लिड माशांना आपलं हे नावडतं पाणी चांगलं मानवतं. शिवाय निळ्या-पिवळ्या रंगात ते समुद्री माशांनाही हार जात नाहीत.

दोन्हीकडच्या पाण्याची कुंडली बरीच जुळते. पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं. असं किंचित आम्ल झालेलं पाणी काळ्या पाषाणातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सावकाश विरघळवतं आणि त्यात बायकार्बोनेट तयार होतं. मलावीला मिळणाऱ्या नद्याही असेच खडकातले क्षार आणतात. सरोवरातून बाहेर पडणारी शिरे नदी त्यातला थोडाच वाटा नेते. बहुतेक पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. त्यामुळे तिथला पीएच (पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा, 7 म्हणजे मधला) साधारण 7.7 ते 8.6 असतो आणि बायकार्बोनेटमुळे तो सहसा हलत नाही.

म्हणून दुकानदार ‘सिक्लिड सॉल्ट’चं पाकीट पुढे करेल तेव्हा ते परत द्यावं. मलावीचं पाणी अल्कधर्मी असलं तरी फारसं क्षारयुक्त नाही, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ते दोनशेच्या आतच भरेल. आपल्याकडचे बोअर त्याच्या कितीतरी पुढे असतात. टाकीतच जन्मलेले मासे त्यापेक्षा बरंच जास्त सोसतात, पण आकडा हजाराच्या वर जात असेल तर आरओचं पाणी मिसळावं. बोअरचं ताजं पाणी थेट ओतू नये. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि ऑक्सिजन कमी असतो. रात्रभर पिंपात एअर पंप सोडला की ते ताळ्यावर येतं. नळाचं पाणी असेल तर अँटी-क्लोरीन हवंच.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच घ्यावी. पाणी साधारण 240 लिटर बसतं, दगडांसह वजन तीनशे किलोंच्या पुढे जातं. त्यामुळे लोखंडी स्टँड आणि काचेखाली थर्माकोलची शीट, यात काटकसर नको.

खरी मजा दगड रचण्यात आहे. मलावीच्या खडकाळ काठावर राहणाऱ्या सिक्लिडना तिथले लोक म्बुना म्हणतात. त्यांचं सगळं आयुष्य दगडांच्या फटींत जातं आणि दगडांवरचा शेवाळाचा थर हे त्यांचं मुख्य अन्न. मराठवाड्यात दगड विकत घेणं म्हणजे गंमतच! कोरड्या ओढ्यातले गुळगुळीत काळे धोंडे उत्तम. बांधावरचे नकोत, त्यांना खता-औषधांचा संग असतो. हातोडीनं ठोकल्यावर खणखणीत वाजला तर दगड घ्यावा. बद्द आवाज आला, पदर सुटू लागले तर तो मुरुमाच्या वाटेवर आहे असं समजावं. दगडात पांढरा कॅल्साइट असेल तर बिघडत नाही, या माशांना तो चालतो.

आधी दगड, मग वाळू, हा क्रम चुकवू नये. हे मासे तोंडानं वाळू उपसतात. वाळूवर ठेवलेला धोंडा एक दिवस कलंडतो आणि काच जाते. तळाशी प्लास्टिकची जाळी टाकून त्यावर मोठे दगड तीन ठिकाणी टेकतील असे बसवावेत, वर लहान. नंतर बारीक, धुतलेली वाळू बोटभर. दोन असमान ढीग आणि मधे मोकळी जागा ही रचना मला सगळ्यांत पटते. प्रत्येक बिळाला दोन तोंडं हवीत, म्हणजे पाठलाग होणारा मासा दुसरीकडून निसटतो. या टोकाच्या नराला त्या टोकाचा नर दिसला नाही की निम्मी भांडणं मिटतात. वनस्पतींत अनुबियास आणि वॅलिस्नेरिया तग धरतात, बाकीच्यांची कोशिंबीर होते. दगड हिरवट झाले तर घासू नयेत. मासा तिरका होऊन दगडाला तोंड लावतो, अंगाला झटका देऊन शेवाळ खरवडतो आणि लगेच दुसऱ्या जागी सरकतो. हे बघण्यासाठीच तर टाकी लावायची.

पाणी जुळलं तरी एक धोका त्याच पाण्यात आहे. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया येतो. पीएच 7 असताना त्याचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, 8.5 ला, 25 अंश तापमानात, तो 15 टक्क्यांच्या आसपास जातो, 30 अंशांना त्याहून वर. म्हणजे मऊ पाण्यात खपून जाणारी घाण इथं मासे मारते. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण त्यांची वस्ती जमायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर सगळे मासे एकदम आणू नयेत. खाणं स्पिरुलिना या शेवाळाचं, तेही थोडंच. म्बुनांचं आतडं लांब असतं. त्यांना रोज ब्लडवर्म (लाल अळ्या) घातले की पोट फुगून मरतात.

म्बुनांपैकी पिवळाधमक यलो लॅब सुरुवातीला सोपा, कारण तो त्यातल्या त्यात गरीब. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात. मादी अंडी घालून लगेच तोंडात घेते. नराच्या गुदपरावर (पोटाखालच्या मागच्या परावर) अंड्यांसारखे ठिपके असतात. मादी त्यांना टोचा मारते, तेव्हा नराचे शुक्राणू तिच्या तोंडात जातात. पुढे सुमारे तीन आठवडे ती जवळजवळ उपाशी असते. हनुवटीखालची पिशवी फुगलेली, जबडा सारखा हलता. आपल्या धरणांतला चिलापीही याच सिक्लिड कुळातला, आफ्रिकेतलाच. मोझांबिक चिलापी 1952 मध्ये भारतात आणला गेला आणि पुढे ठिकठिकाणच्या पाण्यात पसरला. त्यामुळे पिल्लं जास्त झाली तर दुकानदाराला द्यावीत, विहिरीत किंवा तलावात सोडू नयेत.

मराठवाड्यातला खरा शत्रू मात्र एप्रिल-मे. या माशांना 24 ते 28 अंश हवेत आणि बाहेर पारा 42 वर. पाणी तापलं की ऑक्सिजन कमी मावतो आणि माशांची गरज मात्र वाढते. झाकण काढून वर जाळी लावावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा. माठातलं पाणी गार होतं तसंच हे. आपली हवा कोरडी असल्यानं दोन-तीन अंश सहज उतरतात. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचंच पाणी भरावं, कारण क्षार उडत नाहीत. बोअरचं भरत राहिलात तर ते साठत जातात. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्यावा.

आठवड्याला चौथाई पाणी बदलायचं म्हणजे साठ लिटर. टँकरच्या दिवसांत ते डोळ्यांत खुपतं. काढलेलं पाणी नायट्रेटयुक्त असतं. क्षार फार नसतील तर कढीपत्त्याला, जास्वंदीला खुशाल घालावं. आणि टाकी लावायचीच तर जूनमध्ये, पाऊस पडल्यावर लावावी. उन्हाळा येईपर्यंत जिवाणू मुरलेले असतात आणि मासे किती ठेवायचे याचा अंदाजही आलेला असतो.