हुतात्मा चौक: १०५ की १०६?

मुंबईत पाटीवर हुतात्मा चौक, तोंडात मात्र अजून फ्लोरा फाउंटन. कारंजं १८६४ सालचं, मुंबईच्या किल्ल्याचं चर्चगेट नावाचं दार पाडलं त्याच जागेवरचं. ते खरं तर भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी ठरलं होतं. (पुढे १९६५ मध्ये जवळचा ‘काळा घोडा’ पुतळा मात्र चौथऱ्यावरून उतरून थेट त्या बागेत गेला.)

चौकाचं आजचं नाव २१ नोव्हेंबर १९५५ मुळे. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागत विधानसभेकडे निघालेल्या मोर्चावर इथे गोळीबार झाला, १५ जण गेले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि रस्त्यांवर त्याहून जास्त रक्त सांडलं. मराठी-गुजराती अशा द्विभाषिक राज्याचा प्रयोग करून झाला, तेव्हा कुठे १ मे १९६० उजाडला. कारंज्याशेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार उभे राहिले ते त्यानंतर.

घोळ आहे तो या चळवळीत गेलेल्या हुतात्म्यांच्या आकड्याचा. १०५ हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या तोंडात बसलाय. भाषणांत १०६ येतो, कधी १०७, आणि दर महाराष्ट्र दिनाला कुणीतरी कुणाची तरी चूक काढतंच. शब्दही तितकाच अवघड. ‘हुत’ म्हणजे होमात वाहिलेलं. पण यादीत शाळकरी पोरंही आहेत. त्यांनी स्वतःला वाहिलं म्हणायचं, की त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या असं म्हणायचं? ‘हुतात्मा’ म्हटलं की गोळी झाडणारा वाक्यातून अलगद बाहेर पडतो. तो हुकूम कुणाचा, हे त्या काळातल्या माणसाला विचारावं लागत नसे.

माझ्या मते मात्र आकड्याहून महत्त्वाची आहेत ती नावांपुढची गावं. यादी सावकाश वाचत गेलं, की गिरगाव-परळच्या माणसांनंतर बेळगाव येतं, निपाणी येतं. म्हणजे महाराष्ट्रासाठी मेलेल्यांपैकी काहींची गावं महाराष्ट्रात आलीच नाहीत. १९५६ च्या पुनर्रचनेत ती तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. बेळगावात हुतात्मा दिन वेगळा पाळतात, १७ जानेवारीला. मुंबईत हार घालणाऱ्यांपैकी किती जणांना ही तारीख पाठ असेल, शंकाच आहे. कारंज्याची डागडुजी झाली, २०१९ मध्ये त्याला पुन्हा पाणी आलं, खोदकामात सापडलेल्या ट्रामच्या रुळांचंही कौतुक झालं. सीमाभागाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.