हंबकर निवडताना किलो-ओहमच्या पलीकडे

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज कानाला टोचू लागला की ब्रिजजवळचा हंबकर, म्हणजे तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणारा दोन गुंडाळ्यांचा पिकअप, बदलण्याचा विचार मनात येतो आणि निवड बहुधा एकाच आकड्यावर ठरते: गुंडाळीचा विद्युतरोध ८ किलो-ओहम की १६. हा आकडा स्वराविषयी फार थोडे सांगतो. गुंडाळीची तार बारीक घेतली तर फेरे तेवढेच ठेवूनही रोध वाढतो. आणि २० अंश सेल्सिअसला ८ किलो-ओहम दाखवणारी गुंडाळी ३५ अंशांच्या दुपारी सुमारे साडेआठ दाखवते, स्वर मात्र तोच राहतो.

गिब्सनच्या सेठ लव्हर यांनी १९५५ मध्ये घडवलेल्या हंबकरमध्ये दोन गुंडाळ्या असतात. त्यांचे फेरे आणि चुंबकीय ध्रुव परस्परविरुद्ध असल्याने विजेच्या तारांतून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण रद्द होते, पण गिटारच्या तारेच्या कंपनांचे संकेत एकमेकांत मिळतात.

स्वराचा खरा कारभार इंडक्टन्सकडे असतो. इंडक्टन्स म्हणजे विद्युतप्रवाहाचे जडत्व, आणि गिटारपासून ॲम्प्लिफायरपर्यंतच्या केबलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) म्हणजे जणू त्याची स्प्रिंग. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाची जशी स्वतःची लय असते, तशी या जोडीचीही एक अनुनाद वारंवारता असते. तिच्या आसपासचे सूर उठून दिसतात आणि तिच्या वरचे झपाट्याने क्षीण होतात. गुंडाळी आणि पाचेक मीटरची केबल मिळून ६०० पिकोफॅरड धरले, तर जुन्या घडणीच्या सुमारे ४.४ हेन्रीच्या हंबकरचे हे अनुनादाचे शिखर ३.१ किलोहर्ट्झजवळ येते, ६ हेन्रीला ते २.६५ वर आणि ८ हेन्रीला २.३ वर उतरते. इंडक्टन्स वर्गमुळात येत असल्यामुळे तो जवळजवळ दुप्पट करूनही शिखर निम्म्यावर येत नाही. शिवाय २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आपला कान सर्वांत संवेदनशील असतो, म्हणून जास्त फेऱ्यांचा, जोरकस हंबकर लावल्यावर झळाळी कमी होऊनही टोचणे उरते, कधी वाढतेही.

पिकअपमधल्या जुन्या अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्टयुक्त मिश्रधातू) चुंबकांचा स्वर काळाने मुरतो, ही समजूत मी मान्य करत नाही. नेहमीच्या तापमानाला, न हाताळलेला अल्निको आपले चुंबकत्व फारसे गमावत नाही. जुन्या काळातील पिकअप एकमेकांहून वेगळे वाजतात, कारण त्यांच्या फेऱ्यांची संख्याच एकसारखी नसे. मुरलेपणाच्या नावाखाली मोजल्या जाणाऱ्या किमतीमागे भौतिकशास्त्र नाही.

माझे मत असे की तीक्ष्ण गिटारसाठी ६ हेन्रीच्या आसपासचा, अल्निको २ चुंबकाचा हंबकर आधी ऐकावा. अल्निको ५ पेक्षा त्याचे क्षेत्र सौम्य असते. पण त्याआधी गिटारवरचा टोनचा नॉब किंचित कमी करून ऐकावे. तेवढ्यानेच समाधान झाले, तर शिखराची जागा नव्हे, उंची खटकत होती. मग ५०० ऐवजी २५० किलो-ओहमचा व्हॉल्यूम पॉट (आवाज कमी-जास्त करणारा बदलता रोध) बसवला की ती उंची कमी होते आणि नव्या पिकअपचा खर्च वाचतो.