समन्यायी शिक्षक-प्रशिक्षण (मराठवाडा)

वर्गात ज्या ज्या घरांतून मुले येतात, त्या घरांतून शिक्षकही यावेत आणि त्यांची तयारी त्या मुलांची भाषा व हलाखी ओळखून व्हावी, असा आग्रह धरणारी प्रशिक्षणाची रीत. आरक्षणाची चर्चा बिंदुनामावलीशी (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची, हे ठरवणाऱ्या तक्त्याशी) सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. मराठवाड्यातील खरी अडचण त्याआधीची आहे : प्रशिक्षणापर्यंत पोचते कोण, आणि तिथे त्याला काय शिकवले जाते.

मराठवाडा ज्याचा भाग होता त्या हैदराबाद संस्थानात कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. त्यामुळे मराठी घरातला मुलगा शिक्षकीकडे वळायचा तो परक्या माध्यमातून किंवा हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या खाजगी प्रयत्नांतून. संस्थान १९४८ मध्ये मुक्त झाले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. खेड्यापाड्यातील दलित मुलांना उच्च शिक्षणाचे दार इथे उघडले आणि पुढे त्यांच्यापैकी कित्येक जण शिक्षक, प्राध्यापक झाले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले आणि पदवीसाठी हैदराबादकडे पाहण्याची गरज उरली नाही.

नंतर काळ आला डी.एड.चा, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेचा. बारावी झालेल्या, गावाजवळच नोकरी शोधणाऱ्या मुलींसाठी याहून सोयीची वाट नव्हती. विनाअनुदानित महाविद्यालये तालुक्यातालुक्यात उगवली आणि शेत विकून फी भरणारे पालकही निघाले. मग भरतीच रखडली. २०१३ पासून टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), २०१७ पासून भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल हे ऑनलाइन भरतीचे संकेतस्थळ, अशा पायऱ्या वाढत गेल्या. निवड झाल्यावरही तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक स्तरावर हे मानधन २०२३ मध्ये सहा हजारांवरून सोळा हजार रुपये झाले. अनुसूचित जातींना १३ टक्के, जमातींना ७ टक्के, बंजारा समाज ज्यात येतो त्या विमुक्त जाती (अ) गटाला ३ टक्के आणि प्रत्येक प्रवर्गात महिलांना ३० टक्के जागा आहेत. पण वर्षानुवर्षे थांबायची ऐपत नसलेला उमेदवार जागा निघण्याआधीच दुसऱ्या कामाला लागतो.

भाषेकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. तांड्यावर, म्हणजे बंजारा वस्तीवर, गोरमाटी ही बंजारा बोली, किनवट-माहूरकडे गोंडी व कोलामी, देगलूर-बिलोलीत तेलुगू, उदगीर-उमरग्याकडे कन्नड, आणि शहरोशहरी उर्दू. तांड्यावरून आलेली छात्राध्यापिका पहिलीच्या मुलाशी गोरमाटीत सहज बोलू शकते, पण तिचे पाठटाचण (पाठाचा लेखी आराखडा) मात्र प्रमाण मराठीत तपासले जाते. आंतरवासिताही (शाळेतला प्रत्यक्ष अध्यापनाचा सराव) बहुधा महाविद्यालयाजवळच्या, तुकड्या पाडलेल्या शाळेत होते. नोकरी लागल्यावर मात्र समोर दोन-तीन इयत्तांचा एकत्र वर्ग असतो. उर्दू माध्यमासाठी मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाचे शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे. गोरमाटी वा गोंडीच्या वाट्याला एवढेही आलेले नाही.

ऊसतोडीचेही तसेच. दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, जालन्याकडील कुटुंबे कोयता घेऊन निघतात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, काही फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. स्थलांतरित मुलाचे शिक्षण दुसऱ्या शाळेत सुरू राहावे म्हणून द्यायचे शिक्षण हमी पत्रक कसे भरायचे हे शिक्षक नोकरीत शिकून घेतो. मधल्या महिन्यांचा बुडालेला अभ्यास कसा भरून काढायचा, याचा सराव त्याला प्रशिक्षणात मिळायला हवा.

राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. अभ्यासक्रम ही किमान पात्रता होणार आहे. तो मोठ्या शहरांपुरता राहिला, तर वसतिगृहाअभावी तालुक्याच्या मुली मागे पडतील. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्याची अट घातली. अल्पसंख्याक संस्थांना ही अट लावायची का, हा प्रश्न मात्र मोठ्या खंडपीठाकडे सोपवला आहे. मराठवाड्यातील अनेक उर्दू शाळा याच गटात मोडतात.