बारोलो (वाइन)

वायव्य इटलीतील पिएमोंते प्रांतात आल्बा शहराच्या नैर्ऋत्येला लांगे नावाच्या टेकड्या आहेत. तेथे होणारी तांबडी वाइन म्हणजे बारोलो. ज्या गावावरून तिचे नाव पडले त्याची लोकवस्ती जेमतेम सातशे आहे. ही वाइन फक्त नेबिओलो जातीच्या द्राक्षांपासून करतात, दुसऱ्या जातीची भेसळ कायद्याला चालत नाही. इटलीत तिला ‘राजांची वाइन, वाइनांचा राजा’ म्हणण्याची जुनी प्रथा आहे. ही बिरुदावली तिला बऱ्याच उशिरा मिळाली. आज आपण जिला बारोलो म्हणतो ती कोरडी, तुरट आणि वर्षानुवर्षे टिकणारी वाइन जेमतेम पावणेदोनशे वर्षांची आहे.

पहिल्यांदा पिणारा माणूस बहुधा रंगाने फसतो. पेल्यातली बारोलो फिकट माणकासारखी दिसते. तिच्यातून पलीकडचे बोट दिसू शकते आणि वय वाढेल तशी कडेला विटकरी, नारिंगी झाक येते. त्यामुळे वाइन हलकी असेल असे वाटते. घोट घेतला की हिरड्या आणि जीभ कोरडी पडते, कारण नेबिओलोच्या सालीत रंगद्रव्य बेताचे असले तरी टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारे द्रव्य, भरपूर असते. आम्लताही चढी असते आणि मद्यार्क १३ टक्क्यांहून कमी असून चालत नाही. प्रत्यक्षात तो १४ ते १५ टक्क्यांच्या घरात जातो. वासात गुलाब आणि डांबर ही जोडी हमखास सांगितली जाते. जुन्या बाटलीत त्यात वाळलेली पाने, चामडे, तंबाखू यांची भर पडते.

नेबिओलो हे शेतकऱ्याचा अंत पाहणारे द्राक्ष आहे. वसंतात त्याचे डोळे इतर जातींच्या आधी फुटतात, म्हणून उशिराच्या थंडीचा तडाखा त्यालाच आधी बसतो. पिकायला मात्र ते सगळ्यांच्या मागे राहते. काढणी ऑक्टोबरपर्यंत लांबते आणि तोवर टेकड्यांवर धुके उतरलेले असते. (नाशिककडचे बागायतदार तेव्हा गोडी छाटणीत गुंतलेले असतात, त्यांची काढणी जानेवारीनंतरची.) मधल्या काळात गारपीट झाली तर वर्षाचे पीक दहा मिनिटांत जाते. जागेच्या बाबतीतही हे द्राक्ष हट्टी आहे. हिवाळ्यात ज्या उतारावरचे बर्फ आधी वितळते तो उतार नेबिओलोचा, असा जुना ठोकताळा. दक्षिणेकडे तोंड केलेल्या अशा उबदार उताराला स्थानिक बोलीत ‘सोरी’ आणि टेकडीच्या माथ्याला ‘ब्रिको’ म्हणतात. थंड जागी दोल्चेत्तो आणि बार्बेरा या जाती लावतात, उत्तरेच्या उतारांवर हेझलनटची झाडे. २०१० च्या नियमांनी हेच शहाणपण कायद्यात आणले. बारोलोची बाग समुद्रसपाटीपासून १७० ते ५४० मीटर उंचीवर हवी, तिचे तोंड थेट उत्तरेला नको आणि हेक्टरी ८ टनांपेक्षा जास्त द्राक्षे घ्यायची नाहीत.

बारोलोचा प्रदेश अकरा गावांचा. बारोलो, कास्तिल्योने फालेत्तो आणि सेर्रालुंगा द'आल्बा ही गावे पूर्णपणे त्यात येतात. ला मोरा, मोन्फोर्ते द'आल्बा, नोव्हेल्लो, वेरदुनो, ग्रिन्झाने कावूर, दियानो द'आल्बा, केरास्को आणि रोद्दी यांचा काही भाग येतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गाडीने अर्ध्या तासात जाता येईल, एवढाच हा पसारा. तरीही आतली माती एकसारखी नाही. पश्चिमेला, ला मोरा आणि बारोलोच्या बाजूला, निळसर करड्या चुनखडीयुक्त चिकणमातीचा थर आहे. तिथली वाइन सुवासिक असते आणि लवकर मवाळ होते. पूर्वेला सेर्रालुंगा आणि मोन्फोर्तेकडे त्याहून जुना, वालुकाश्म मिसळलेला थर वर येतो. तिथली वाइन पहिली दहा वर्षे तोंड उघडत नाही. ही विभागणी ढोबळ आहे आणि चांगला उत्पादक ती सहज खोटी ठरवतो, पण बाटली निवडताना तिचा उपयोग होतो.

अठराव्या शतकात नेबिओलोची वाइन वेगळीच लागत असे. काढणी उशिरा व्हायची, लगेच नोव्हेंबरची थंडी पडायची आणि तळघरातले किण्वन, म्हणजे साखरेचा मद्यार्क होण्याची क्रिया, अर्ध्यावर थांबायचे. साखर शिल्लक राहिलेली वाइन गोडसर आणि किंचित फसफसणारी होई. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन १७८७ मध्ये तोरिनोत (ट्युरिनमध्ये) आले होते. त्यांनीही नेबिओलोची नोंद गोडसर, तरीही तुरट आणि फसफसणारी अशीच केली आहे.

ती कोरडी कोणी केली, याची एक गोष्ट लांगेत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. फ्रान्समध्ये जन्मलेल्या जुलिया कोल्बेर या फालेत्ती घराण्यात लग्न होऊन आल्या आणि बारोलोच्या मार्केझा, म्हणजे सरदारीण, झाल्या. लुई उदार नावाच्या फ्रेंच तज्ज्ञाच्या मदतीने त्यांनी किण्वन शेवटपर्यंत नेले. पिएमोंतेवर राज्य करणाऱ्या सावोय घराण्यातल्या राजा कार्लो आल्बेर्तोने चव घ्यायची इच्छा दाखवताच त्यांनी ३२५ पिंपे धाडली, लेंटचे चाळीस उपासाचे दिवस वगळून वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक! पिंपांची गोष्ट आख्यायिकाच समजावी. उदारचे श्रेयही अलीकडच्या अभ्यासकांनी बरेच कमी केले आहे. त्यांच्या मते खरे काम पाओलो फ्रांचेस्को स्ताल्येनो या लष्करी अधिकाऱ्याचे. त्याने १८३५ मध्ये वाइन करण्याची व टिकवण्याची पुस्तिका लिहिली आणि नंतर ग्रिन्झाने येथे काउंट कावूर यांच्या तळघराची व्यवस्था पाहिली. पुढे संयुक्त इटलीचे पहिले पंतप्रधान झालेले कावूर तेव्हा त्या गावचे महापौर होते. श्रेय कोणाचेही असो, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोरडी बारोलो रूढ झाली आणि सावोय राजघराण्याच्या मेजवान्यांत पोहोचली.

त्यानंतरचा मोठा काळ हलाखीचा होता. फिलॉक्सेरा किडीने वेली मारल्या, दोन महायुद्धांनी माणसे नेली आणि उरलेल्यांपैकी अनेकांनी शहरांतल्या कारखान्यांची वाट धरली. शेतकरी आपली द्राक्षे आल्बाच्या बाजारात व्यापाऱ्याला विकत. व्यापारी निरनिराळ्या बागांचा माल एकत्र करून बारोलो भरत. १९६१ च्या हंगामात प्रुनोत्तो आणि व्हिएत्ती या घराण्यांनी एकेका बागेची वाइन वेगळी भरून लेबलावर बागेचे नाव घातले. तोवर अशी प्रथा जवळपास नव्हती. रेनातो रात्ती या उत्पादकाने बागांचा प्रतवार नकाशा तयार केला. बारोलोला १९६६ मध्ये डीओसी, म्हणजे उगमस्थानाच्या नावाला कायद्याचे संरक्षण देणारा दर्जा, आणि १९८० मध्ये इटलीतील सर्वोच्च असा डीओसीजी दर्जा मिळाला. १९८६ मध्ये मिथेनॉल मिसळलेल्या स्वस्त वाइनने वीसहून अधिक माणसे दगावली. ती वाइन बारोलो नव्हती, पण प्रकरणाचे मूळ बारोलोला लागूनच असलेल्या भागात निघाले आणि साऱ्या पिएमोंतेची पत गेली.

जुनी पद्धत वेळखाऊ आहे. किण्वन संपत आले की टाकी वाइनने काठोकाठ भरतात आणि वर लाकडी पट्ट्या आडव्या बसवून सालींचा थर खाली दाबून ठेवतात. साली अशा बुडालेल्या स्थितीत महिना-दोन महिने मुरतात. मग ती वाइन स्लाव्होनियन ओकच्या हजारो लिटरच्या जुन्या पिंपांत कित्येक वर्षे राहते. पिंपाला ‘बोत्ते’ म्हणतात. इतके मोठे आणि जुने लाकूड वाइनला स्वतःची चव देत नाही, फक्त संथपणे हवा लागू देते. अशी बारोलो तरुणपणी कठोर असते, हे तिच्या चाहत्यांनाही मान्य आहे.

१९८० च्या दशकात काही तरुण उत्पादकांनी या पद्धतीविरुद्ध बंड केले. त्यांनी फिरत्या टाकीत थोड्याच दिवसांत साली वेगळ्या केल्या आणि वाइन २२५ लिटरच्या नव्या फ्रेंच ओकच्या पिंपांत, म्हणजे ‘बॅरिक’मध्ये भरली. बागेत हिरवे घड विरळ करायला सुरुवात केली, तेव्हा म्हाताऱ्यांना ते देवाच्या देणग्या फेकून देण्यासारखे वाटले. फ्रान्समधला बुर्गोन्य हा वाइनचा प्रदेश पाहून आलेल्या एलिओ आल्तारे यांनी १९८३ मध्ये वडिलांची जुनी पिंपे चेनसॉने कापून काढली. वडिलांनी त्यांना वारशातून वगळले. दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो हे जुने उत्पादक चार बागांची द्राक्षे एकत्र करण्याच्या जुन्या रीतीवर अडून राहिले. त्यांनी ‘ना बॅरिक, ना बेर्लुस्कोनी’ (बेर्लुस्कोनी हे इटलीतले राजकारणी) असे लेबल स्वतः रंगवून दोन्ही शत्रूंचा एकाच बाटलीवर समाचार घेतला. अमेरिकेतल्या समीक्षकांना आधुनिकांची गडद, गुळगुळीत वाइन आवडली आणि भाव चढले. आज हा वाद जवळपास मिटला आहे. पिंपांत अनेक जण मोठ्या बोत्तेकडे परतले, तर घड विरळ करणे आणि तळघर स्वच्छ ठेवणे सगळ्यांनीच उचलले. माझ्या मते बंडखोरांचा खरा वारसा बागेत आहे, पिंपांत नाही.

सध्याच्या नियमांप्रमाणे काढणीच्या वर्षातील १ नोव्हेंबरपासून ३८ महिने वाइन मुरवावी लागते, त्यांपैकी किमान १८ महिने लाकडात. ‘रिझेर्व्हा’ लिहायचे तर ६२ महिने. म्हणजे २०१५ ची साधी बारोलो १ जानेवारी २०१९ ला बाजारात आली आणि रिझेर्व्हा २०२१ मध्ये. शेजारची बार्बारेस्को याच द्राक्षाची, पण तिला २६ महिने पुरतात. २०१० पासून बारोलोच्या बागांची आणि गावांची नावे अधिकृत यादीत आहेत. त्या १८१ नावांत कान्नुबी सर्वांत प्रसिद्ध. १७५२ साल आणि हे नाव लिहिलेली एक बाटली अजून जपलेली आहे. बारोलो हे नाव कुठल्याही बाटलीवर दिसते त्याच्या आधीची ती आहे. २०१४ मध्ये युनेस्कोने लांगेच्या बागांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

जेवणात बारोलो मांसाबरोबर शोभते. बारोलोतच तासन् तास शिजवलेले गोमांस, अंड्याच्या बलकाच्या बारीक शेवया म्हणजे ‘तायारिन’ आणि त्यावर किसलेला आल्बाचा पांढरा ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुवासिक बुरशी), ही शरदातली तिथली थाळी. तिचा आणखी एक अवतार सेर्रालुंगाच्या कापेल्लानो घराण्यातील एका औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आणला. सिंकोनाची साल, जेन्शियन, वेलदोडा, लवंग असे जिन्नस बारोलोत मुरवून ‘बारोलो किनातो’ करतात. सर्दी झाली की घरातली आजी ते गरम करून काढ्यासारखे द्यायची. आता तेच किनातो जेवणानंतर गडद चॉकलेटबरोबर पितात.