बारीक झटक्यानंतर हाताला काम द्या

न्यूरॉलॉजिस्टकडं (मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडं) एक प्रश्न हमखास विचारला जातो: चालताना चप्पल पायातून निसटते का? आणि निसटली तर कळतं का? कळूनही निसटत असेल, तर घोट्याच्या आणि बोटांच्या स्नायूंतली ताकद कमी झालेली असते. आणि ‘अहो, चप्पल मागं राहिली’ असं दुसऱ्यानं सांगावं लागत असेल, तर पाय कुठं आणि कसा पडतोय ही जाणीवच मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. कोल्हापुरी चपलेला मागं पट्टा नसतो, त्यामुळं आपल्याकडं ही खूण लवकर दिसते. मेंदूचा झटका (स्ट्रोक) येऊन गेल्यावर पाय सुधारेपर्यंत मात्र ही चप्पल बाजूला ठेवा आणि मागून पट्टा असलेलं सँडल घाला.

बारीक झटक्यात हातपाय पुरते लुळे पडत नाहीत, बोलणं समजतं, आठवड्याच्या आत माणूस घरी येतो. ‘वारं गेलं होतं, पण थोडक्यात निभावलं’ म्हणत घरचे सुटकेचा श्वास टाकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, बीपीची गोळी सुरू असते आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यातली एकही बंद करायची नाही. पण या गोळ्यांचं काम पुढचा झटका टाळणं. शर्टाचं बटण लावायला त्या शिकवत नाहीत. ते काम हाताला स्वतः करून मेंदूकडून वसूल करावं लागतं.

मेलेल्या मेंदूपेशी परत येत नाहीत, पण शेजारच्या पेशी त्यांचं काम अंगावर घेऊ शकतात. अमेरिकी संशोधक रँडॉल्फ न्यूडो आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये माकडांवरच्या प्रयोगातून हे दाखवलं. हात हलवणाऱ्या भागाला छोटी इजा झालेल्या माकडांना बारीक खळग्यांतून खाऊ काढायचा सराव दिला, तेव्हा मेंदूतला हाताचा उरलेला इलाखा टिकला. काहींमध्ये तो शेजारीही पसरला. सराव न मिळालेल्या माकडांमध्ये इजेबाहेरचा, धडधाकट इलाखाही आक्रसला होता. न वापरलेल्या हाताची जागा मेंदू राखून ठेवत नाही.

आणि आपल्या घरी नेमकं काय होतं? पाहुणे फळं घेऊन येतात, ‘आता नुसता आराम करा’ म्हणतात. सून चहाचा कप तोंडाला लावते, मुलगा बटणं लावून देतो. माया खरी असते, पण त्या मायेनं हात बसून राहतो. चांगला हात सगळं उरकतो आणि अशक्त हाताला काम न करण्याचीच सवय लागते. ही सवय मोडायला चांगल्या हातावर मोजा चढवून अशक्त हाताकडून कामं करून घेण्याची पद्धत आहे. झटक्यानंतर 3 ते 9 महिने झालेल्या 222 रुग्णांच्या अमेरिकेतल्या चाचणीत जवळपास निम्म्या रुग्णांवर ती दोन आठवडे वापरली गेली. 2006 मध्ये निकाल आले तेव्हा त्यांचा हात नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा जास्त सुधारला होता. मनगट आणि बोटं थोडी तरी उघडत असतील तरच हे जमतं. बारीक झटक्यात बहुधा तेवढी हालचाल उरलेली असते. तरीही हे थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावं.

सराव किती? 2009 मधल्या एका पाहणीत थेरपीच्या एका बैठकीत हाताची उपयोगी हालचाल सरासरी फक्त 32 वेळा झाल्याचं दिसलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हाच आकडा शेकड्यांत असतो. तालमीत वस्ताद एकच डाव अंगवळणी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतो, तशीच ही मेहनत. त्यामुळं उरलेला सराव घरच्या कामांतूनच काढावा लागतो. भुईमुगाच्या शेंगा फोडणं, चटणीच्या बरणीचं झाकण उघडणं, भाकरीचं पीठ मळणं, नाणी उचलून डब्यात टाकणं. नुसता चेंडू दाबत बसण्यापेक्षा हे बरं, कारण झटक्यानंतर मूठ आवळण्यापेक्षा बोटं उघडणं जास्त अवघड जातं. तेलाची मालिश अंगाला बरी वाटते, पण तिच्यात हालचाल दुसऱ्याची असते. आणि अशक्त हाताला धरून कुणालाही ओढून उठवू नका, खांदा दुखावतो.

उत्साहालाही मर्यादा आहे. 2104 रुग्णांच्या, 2015 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत पहिल्या 24 तासांतच वारंवार उठवून चालवलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती थोडी वाईटच निघाली. सगळा भार घरच्यांवर टाकूनही चालत नाही. भारतातल्या 14 रुग्णालयांतल्या 1250 रुग्णांच्या अभ्यासात (2017) नातेवाइकांना शिकवून घरी व्यायाम करवला, पण नेहमीच्या उपचारांपेक्षा फायदा दिसला नाही. म्हणून फिजिओथेरपिस्ट हवाच. काय करायचं, किती करायचं आणि कधी वाढवायचं हे त्यानं ठरवावं.

डॉक्टरांची परवानगी मिळाली की कोल्हापुरात रंकाळा तलावावर चालायला जा, सुरुवातीला सोबत घेऊन. चालता चालता बोलता येईल इतकाच वेग ठेवा. बोलायला लागल्यावर पाय अडखळत असतील, तर महाद्वार रोडच्या गर्दीत एकट्यानं जायची वेळ अजून आलेली नाही. दुचाकीसाठी तर डॉक्टरांचा स्पष्ट होकार हवा.

वरून न दिसणाऱ्या तक्रारींकडं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, याचं मला फार वाईट वाटतं. दुपारीच गळून जाणं, दुकानाचा हिशेब चुकणं, उगाच रडू येणं. ‘हातपाय तर चांगले आहेत, मग काय होतंय?’ असं घरचे विचारतात. हा आळस नाही, मेंदूच्या इजेचाच भाग आहे. अवघड कामं सकाळी करा, मध्ये ठरवून विश्रांती घ्या, आणि पुढच्या तपासणीत हे स्वतःहून डॉक्टरांना सांगा.