एरिक सातीचे दोन कॉर्ड

एरिक साती म्हटले की त्याच्या एकसारख्या मखमली सुटांचे आणि छत्र्यांच्या साठ्याचेच किस्से निघतात. त्यापेक्षा त्याची 'झिमनोपेदी' ऐकावी. १८८८ साली, जेमतेम विशी ओलांडलेल्या या फ्रेंच संगीतकाराने त्या नावाच्या तीन रचना पियानोसाठी केल्या.

पहिलीच्या सुरुवातीला डावा हात खालचा जी (पाश्चात्त्य स्वरनावांत एक स्वर) वाजवतो आणि पुढच्या मात्रेला वर बी, डी, एफ शार्प एकत्र येतात. मग खाली डी, वर ए, सी शार्प आणि तोच एफ शार्प. पुन्हा पहिला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, पुन्हा दुसरा.

जी हा षड्ज मानला तर एफ शार्प हा शुद्ध निषाद. निषाद आणि त्याच्या लगतचा वरचा षड्ज पेटीवर एकदम दाबून पाहा, खरखर जाणवेल. हा एफ शार्प ३७० हर्ट्झचा (सेकंदाला तितकी कंपने), शेजारचा जी ३९२ चा. एकत्र वाजले की आवाज सेकंदाला सुमारे २२ वेळा चढतो-उतरतो. इतके जलद चढउतार कानाला सुटे मोजता येत नाहीत, ते खरखरीसारखे लागतात. सातीने जी पार खाली, ९८ हर्ट्झवर ठेवला. त्याच्या उपस्वरांत, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांत, ३९२ आहेच, म्हणून घर्षण पुरते जात नाही. पण तो उपस्वर मूळ स्वरासमोर क्षीण, शिवाय वरचे स्वर येईपर्यंत एक मात्रा उलटलेली. उरते ती पुसट हुरहुर. सातीची खरी करामत मला इथे दिसते.

त्या काळच्या युरोपीय संगीतात एक कॉर्ड ताण निर्माण करायचा, पुढचा तो सोडवायचा. इथे दोन्ही सारखेच अधांतरी, त्यामुळे ऐकणाऱ्याचे वाट पाहणेच थांबते. फ्रेंच संगीतकार द्यबुसीला या रचना इतक्या भावल्या की त्याने दोन ऑर्केस्ट्रासाठी बांधल्या.

पुढे 'वेक्सासियों' या एका पानाच्या रचनेवर सातीने ८४० आवर्तनांची सूचना लिहून ठेवली. अमेरिकन संगीतकार जॉन केजने १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये ती सगळी आवर्तने करवून घेतली. पियानोवादक आळीपाळीने बसत राहिले आणि अठरा तासांहून अधिक वेळ गेला. त्याच दशकात अमेरिकेत मिनिमलिझम, म्हणजे मोजक्या स्वरांच्या आवर्तनांवर उभे संगीत, उभा राहिला, त्यामागे अर्थात इतरही प्रेरणा होत्या.

१९२० मध्ये पॅरिसला सातीने एका नाटकाच्या मध्यंतरात 'फर्निचर-संगीत' वाजवून घेतले. लोक ऐकायला थांबले, तेव्हा 'बोला, फिरा, ऐकू नका' असे तो त्यांना विनवत होता. १९७८ मध्ये ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोने विमानतळांसाठी संगीत केले, ते लक्ष देऊन ऐकले तरी चालावे आणि दुर्लक्षिले तरी, याच विचाराने.