खासगी किल्ली उपकरणातच जन्मली पाहिजे

भिंतीवरचा स्मार्ट वीजमीटर रीडिंग पाठवतो, तेव्हा सर्व्हरला आधी एकच खात्री हवी असते: बोलणारा मीटर खरोखर तोच आहे ना? पासवर्डवर हे भागत नाही. लाखभर मीटरमध्ये एकच पासवर्ड घातला, तर एक मीटर उघडून मेमरी वाचणाऱ्याच्या हाती उरलेले सगळे लागतात. म्हणून प्रत्येक उपकरणाला स्वतःचं डिजिटल प्रमाणपत्र द्यावं लागतं.

प्रमाणपत्रात गुप्त काही नसतं. उपकरणाचा अनुक्रमांक, त्याची सार्वजनिक किल्ली, मुदत आणि प्रमाणपत्र देणाऱ्याची डिजिटल सही, एवढंच. गुप्त असते ती त्या सार्वजनिक किल्लीची जोडीदार, खासगी किल्ली. खासगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने कुणालाही तपासता येते. पी-२५६ या प्रचलित पद्धतीत ती जेमतेम ३२ बाइटची असते. त्या ३२ बाइटची नक्कल झाली, की प्रमाणपत्राला काही अर्थ राहत नाही.

कारखान्यात सोपा वाटणारा मार्ग असा: लाइनवरच्या संगणकावर किल्ली तयार करायची, तिथेच प्रमाणपत्र बनवायचं आणि फर्मवेअर म्हणजे उपकरणातल्या कायमच्या सॉफ्टवेअरबरोबर दोन्ही बोर्डात भरायचं. काम झटपट होतं, पण किल्ली त्या संगणकाच्या डिस्कवर, लॉगमध्ये, बॅकअपमध्ये मागे राहते. योग्य मार्गात बोर्डावर एक छोटी सुरक्षा चिप बसवतात. किल्ली चिपच्या आत तयार होते आणि बाहेर काढण्याची आज्ञाच त्या चिपला ठाऊक नसते. ‘यावर सही कर’ एवढंच तिला सांगता येतं.

चिपशिवाय, नुसत्या सॉफ्टवेअरने उपकरणात किल्ली बनवली तर? इथे एक खोल खड्डा आहे. किल्लीसाठी यादृच्छिक संख्या लागतात. पहिल्यांदाच सुरू झालेल्या उपकरणात ना कीबोर्ड, ना माउस, ना फिरती डिस्क; अनिश्चितता गोळा करायला काहीच नाही. एकाच मॉडेलची दोन उपकरणं मग सारखीच ‘यादृच्छिक’ संख्या काढू शकतात.

याचा परिणाम शाळेतल्या मसाविने दाखवता येतो. आरएसए पद्धतीत सार्वजनिक किल्ली म्हणजे मुख्यतः दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. समजा, दोन उपकरणांची एक मूळ संख्या सारखी निघाली आणि एकाचा गुणाकार ३२३३, दुसऱ्याचा ३१२७ आहे. ३२३३ ला ३१२७ ने भागा, बाकी १०६. ३१२७ ला १०६ ने भागा, बाकी ५३. १०६ ला ५३ ने निःशेष भाग जातो. मसावि ५३, म्हणजे ३२३३ = ५३ × ६१ आणि ३१२७ = ५३ × ५९. तीन भागाकारांत दोन्ही किल्ल्या फुटल्या. खऱ्या संख्या सहाशेहून अधिक अंकी असल्या, तरी मसावि काढणं संगणकाला तितकंच सोपं जातं. २०१२ साली संशोधकांनी इंटरनेटवरच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा करून हेच केलं, तेव्हा टीएलएस ही सुरक्षित जोडणीची पद्धत वापरणाऱ्या ०.५ टक्के यंत्रांच्या खासगी किल्ल्या त्यांना मिळाल्या. त्यांत मुख्य भरणा राउटर, फायरवॉल अशा उपकरणांचा होता. २०१४ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ३.१७ आवृत्तीत गेटरँडम ही यादृच्छिक संख्या देणारी सोय आली. पुरेशी अनिश्चितता जमेपर्यंत ती उत्तरच देत नाही. किल्ली बनवताना तीच वापरावी, किंवा हार्डवेअरमधला यादृच्छिक संख्यांचा स्रोत घ्यावा.

किल्ली तयार झाली, की उपकरण प्रमाणपत्राचा अर्ज बनवतं. त्यात अनुक्रमांक आणि सार्वजनिक किल्ली असते आणि अर्जावर त्याच खासगी किल्लीची सही. सही जुळली, तर किल्ली अर्जदाराकडेच आहे हे सिद्ध होतं. पण ती चिपच्या आत आहे, हे यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी चिप बनवणाऱ्याने चिपमध्येच ठेवलेलं प्रमाणपत्र तपासावं लागतं.

अर्ज तपासून प्रमाणपत्रावर सही करणारी, प्रमाणपत्र देणाऱ्याची किल्ली कारखान्यातल्या साध्या संगणकावर ठेवू नये. ती एचएसएम या खास सुरक्षित यंत्रात असावी आणि तीही मूळ किल्ली नव्हे, त्या कारखान्यापुरती दुय्यम किल्ली. मूळ किल्ली नेटवर्कपासून तोडून कुलपात. म्हणजे एका कारखान्यात घोळ झाला, तर तेवढीच शाखा रद्द करता येते. ऑर्डर १०,००० नगांची असेल, तर त्या १०,००० अनुक्रमांकांनाच सही मिळावी; नाहीतर रात्रपाळीत बनलेले जादा नगही ‘अस्सल’ ठरतात. बोर्ड चाचणीत पास झाल्यावरच चिप कायमची लॉक करावी, कारण लॉक केलेली चिप पुन्हा कोरी होत नाही. आणि नग बाहेर पडण्याआधी डीबग पोर्ट, म्हणजे चाचणीसाठी उपकरणाच्या आत डोकावायची जोडणी, बंद.

हे झालं उपकरणाचं जन्मदाखल्यासारखं प्रमाणपत्र. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.१एआर मानकात त्याची मुदत ९९९९ सालच्या ३१ डिसेंबरपर्यंत ठेवण्याची सोय आहे. रोजच्या व्यवहाराला मात्र ते वापरू नये. उपकरण ग्राहकाकडे बसलं, की जन्मदाखला दाखवून त्याने तिथल्या सर्व्हरकडून कमी मुदतीचं, रहिवासी दाखल्यासारखं दुसरं प्रमाणपत्र घ्यावं. यासाठी २०१३ पासून ईएसटी हा प्रोटोकॉल आहे. पहिला अर्ज आणि नूतनीकरण दोन्ही त्यात होतं.

नूतनीकरणात घड्याळ दगा देतं. बॅटरी नसलेलं उपकरण वीज गेल्यावर १ जानेवारी १९७० वर जातं, आणि मग सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला ‘अजून सुरूच न झालेलं’ वाटतं. फर्मवेअर बनवल्याची तारीख किंवा शेवटची नोंदलेली वेळ किमान मर्यादा धरली, तर हा घोटाळा बराच टळतो.

मुदत संपू देणं किती महाग पडतं, ते ६ डिसेंबर २०१८ रोजी दिसलं. एरिक्सन या दूरसंचार यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं एक प्रमाणपत्र कालबाह्य झालं आणि ब्रिटनमध्ये ओटू, जपानमध्ये सॉफ्टबँक यांच्या ग्राहकांचे मोबाइल ठप्प झाले. आमच्या मते, दोन तृतीयांश मुदत संपताच नूतनीकरण सुरू करावं आणि प्रत्येक उपकरणाने त्यात काही तासांची यादृच्छिक भर घालावी. एकाच दिवशी बसवलेले हजारो मीटर नाहीतर एकाच मिनिटाला सर्व्हरवर तुटून पडतात. नव्या प्रमाणपत्राने एकदा यशस्वी जोडणी होईपर्यंत जुनं पुसू नये. मध्येच वीज गेली, तर तेच कामी येतं. आणि ग्राहकाकडून काढून दोन वर्षं गोदामात पडून राहिलेल्या नगाचं दुसरं प्रमाणपत्र संपलेलं असणारच. त्याला जन्मदाखल्यावर पुन्हा आत घ्यावं, पण त्याआधी तो अनुक्रमांक चोरीच्या किंवा भंगारात काढलेल्या नगांच्या यादीत नाही ना, हे बघून.